एका कापडाला एक जागा

वर्धेच्या मोटार-स्टँडवर तेव्हा रांग नावाची गोष्ट नव्हती. मोटार धुरळ्यातून पुरती थांबायच्या आत दहावीस हात खिडक्यांतून आत जायचे आणि बाकांवर टोप्या, दुपट्टे, उपरणी, पिशव्या पडायच्या. एकदा तर कोणी घाईत पायातली वहाण टाकली होती. ज्याचं कापड बाकावर, त्याची जागा. मग तो माणूस खुशाल पानठेल्यावर जाऊन पान लावून यायचा, पाणपोईवरचं थंड पाणी पिऊन यायचा. मोटारीत माणसं उभी राहायची, एकमेकांच्या पायांवर पाय द्यायची, भांडायची, पण कापड पडलेल्या जागेवर कोणी बसायचं नाही.

हे मी कौतुकानं सांगतो आहे, कारण तो नियम पाळायला लावणारा मीच होतो. मी सदाशिवराव. जनपद सभेच्या कचेरीत कारकून, राहणं हिंगणीला. रोज पहाटेची मोटार हिंगणीहून परत फिरली की तिनं वर्धेला यायचं आणि दुपारच्या मोटारीनं परत जायचं. चौपन्न सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो आणि उन्हाळ्यात कचेऱ्या सकाळच्या असत. हिंगणीची मोटार दिवसातून दोनदाच जायची. पहाटे पाचला आणि दुपारी दोनला. दोनची गेली की दुसऱ्या पहाटेपर्यंत हिंगणीच्या माणसाला वर्धेतून सुटका नव्हती.

आम्ही रोजचे सातआठ जण होतो. कापडाच्या दुकानात मुनीम असलेले प्रभाकरराव माझ्या शेजारी बसत. मला ते 'स्टँडचे न्यायाधीश' म्हणायचे आणि त्यात थट्टा किती, खरं किती, ते मला कधी कळलं नाही. कोणी कोणाचं कापड सरकवलं की भांडण माझ्याकडे यायचं. मी तापट माणूस. घरी माझी बायको मंदाबाई माझ्यापुढे ताट ठेवतानाही आवाज होऊ देत नसे. कापडाला ज्याचं त्यानंच हात लावायचा, दुसऱ्या कोणी नाही, हे मी भल्याभल्यांना सुनावलेलं होतं. आणि एका कापडाला एकच जागा. पंचा पसरून अख्खा बाक अडवणाऱ्यांची तर मी खोड मोडलीच होती.

त्या फाल्गुनात आमच्या मोटारीत एक गोष्ट घडली होती, ती आधी सांगायला हवी. हिंगणीपासून दोन कोसांवर, बोर नदीपल्याड, जंगलाच्या कडेला गोंडांचा एक टोला आहे. पंधरावीस घरं. तिथला जंगू नावाचा माणूस वर्धेच्या दवाखान्यात वारला. मोटारीत मढं घेत नसत आणि बैलबंडी करून नेणं घरच्यांना जमलं नाही. त्याला वर्धेलाच माती दिली आणि त्याचं धोतर तेवढं कंडक्टर पुंडलिकरावांच्या हाती गावी पाठवलं. हिंगणीला जंगूचा भाऊ उभा होता. त्यानं ते धोतर दोन्ही हातांवर घेतलं, कपाळाला लावलं आणि एक शब्द न बोलता तिथेच धुळीत बसला. त्या टोल्याची ती रीतच होती, असं पुंडलिकरावांनी मला सांगितलं. माणूस परगावी सरला की त्याचं कापड घरी येतं आणि घरचे त्या कापडाला माती देतात. मी ऐकलं, हं म्हटलं आणि छत्री उचलून घरी गेलो.

वैशाखात त्याच टोल्यावरचा पुनाजी आम्हाला स्टँडवर दिसू लागला. त्याची बायको गंगाबाई दवाखान्यात होती. पोटात पाणी झालं होतं. पुनाजी दुपारी मोटारीपाशी यायचा, पुंडलिकरावांजवळ टोल्यावर निरोप द्यायचा आणि तिकडचा निरोप घ्यायचा. त्यांना एकच मुलगी, रामबाई. ती टोल्यावरच नांदत होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. मुलगा झाल्याचं पुंडलिकरावांनीच पुनाजीला सांगितलं. तो ऐकून हसला आणि तसाच भर उन्हात दवाखान्याकडे पळत गेला. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो.

मग एका दुपारी तो आला तो गप्प. दवाखान्यातून सांगितलं होतं, घरी घेऊन जा, दोनतीन दिवसांची सोबत आहे. गंगाबाईचं एकच मागणं होतं. नातवाला एकदा मांडीवर घ्यायचं. उद्याच्या मोटारीनं येतो, रामबाईनं लेकरू घेऊन हिंगणीच्या स्टँडवर यावं, एवढा निरोप त्यानं पाठवला. टोल्यापर्यंतचे दोन कोस बंडीत जातील, पण बंडीआधीच तिला लेकरू दिसायला हवं, असं त्याच्या मनात होतं.

मला त्याची दया आली. माझी दया म्हणजे नियम समजावून सांगणं. मी त्याला म्हटलं, उद्या मोटार लागली की आधी येऊन कापड टाक, मग बायकोला आणायला जा. कापड टाकलंस की तुझी जागा कोणाचा बाप घेणार नाही, मी आहे.

दुसऱ्या दिवशी तो दीड वाजता आला. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं खिडकीतून टाकला आणि दोन जागांवर पसरू लागला. मी प्रभाकररावांशी बोलत उभा होतो. ते पाहिलं आणि माझ्यातला न्यायाधीश जागा झाला.

"पुनाजी, एका कापडाले एक जागा," मी म्हटलं. "दोन माणसं, दोन कापडं."

त्याच्याजवळ दुसरं कापड नव्हतं. म्हणजे होतं, गाठोड्यात. गंगाबाईचं हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. तिच्याजवळ दोनच लुगडी होती, एक अंगावरचं आणि एक हे. सकाळीच धुतलं होतं. पोरीसमोर, लेकरासमोर जाताना दवाखान्याचा वास नको, म्हणून हिंगणी जवळ आली की ते अंगावर पांघरायचं असं तिनं ठरवलं होतं. पुनाजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं ते ओलसर लुगडं काढलं, नीट घडी करून खिडकीजवळच्या जागेवर ठेवलं आणि शेजारी आपला दुपट्टा ठेवला.

"बसू नाई देसान ना कोणाले, बाबूजी?"

मी म्हटलं, जा बिनघोर. तो गेला.

दवाखान्यातून स्टँडवर यायचं तर मधे रेल्वेचं फाटक लागायचं. ते फाटक लागलं म्हणजे लागलं. एकेक मालगाडी इतकी लांब की डबे मोजताना माणूस कंटाळायचा. हे मला ठाऊक होतं. स्टँडवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दोन वाजले. मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, डांगरांची पोती चढली होती. पत्रा तापला होता, लेकरं रडत होती. एक म्हातारी माझ्या मागे उभी राहून त्या दोन रिकाम्या जागांकडे पाहत होती. तिनं दोनदा विचारलं, बसू का रे बाबू? मी दोनदा नाही म्हटलं. डायवरनं भोंगा वाजवला. दोन वाजून पाच मिनिटं झाली, मग सात. लोक कुरकुरायला लागले. पुंडलिकराव दारात उभे राहून रस्त्याकडे पाहत होते. गाडी उशिरा सुटली की त्यांना वरून बोलणी बसायची, पण तरी ते थांबले होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणता बाबूजी, सोडू काय?"

मलाच का विचारलं, हे मी पुढे कितीदा तरी मनात घोळवलं. न्यायाधीश होतो ना. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं. मला वाटलं, त्याची जागा राखणं माझं काम होतं, ते मी केलं. वेळेवर येणं त्याचं काम होतं. मला उन्हाचा त्रास होत होता, डोकं ठणकत होतं, घरी जाऊन अंगावर पाणी घ्यायचं होतं. मी म्हटलं, सोडा.

इतकंच. दोन अक्षरं.

मोटार पवनारच्या रस्त्याला लागली तेव्हा प्रभाकरराव म्हणाले, आता त्या म्हातारीला तरी बसू द्या, ते काही येत नाहीत. मी ऐकलं नाही. कापड ज्याचं त्यानंच उचलायचं. ते उचलायला माणूस नाही म्हणून कापडाची जागा गेली असं होत नाही. म्हातारी सेलूपर्यंत उभ्यानं गेली आणि उतरताना माझ्याकडे पाहून काहीतरी पुटपुटली. खिडकीतून गरम वारा येत होता. सेलू यायच्या आत गंगाबाईचं लुगडं खडखडीत वाळलं होतं. एकदा ते वाऱ्यानं उडायला लागलं तेव्हा मी माझा पितळी डबा त्यावर ठेवला. आज हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मला त्या जागा राखल्याचा अभिमान वाटत होता.

हिंगणीला रामबाई उभी होती. बरोबर टोल्यावरच्या दोन बायका, बाजूला बंडी. वीसबावीस वर्षांची पोर, अंगानं किरकोळ, पोटाशी फडक्यात गुंडाळलेलं लेकरू. मोटार थांबताच ती खिडकीखिडकीतून पाहत धावली. पुंडलिकराव टपावर चढून पोती खाली देत होते. मग मी ती दोन्ही कापडं घेतली. दुसऱ्याच्या कापडाला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. खाली उतरून मी ती रामबाईच्या हातात दिली.

"पुनाजी मांगं राह्यला," मी म्हटलं. "तो उद्याच्या मोटारीनं येईन."

एवढंच बोललो. गंगाबाईचं नाव घेतलं नाही. घ्यायचं नव्हतं असं नाही. स्टँडवर रोज बोलणं व्हायचं ते पुनाजीशी, तोंडात नाव होतं ते त्याचं. आणि माझी छत्री मोटारीत राहिली होती, माझं लक्ष तिकडे होतं.

रामबाईनं दुपट्टा शेजारच्या बाईकडे दिला. लुगडं दोन्ही हातांवर घेतलं, कपाळाला लावलं आणि खाली धुळीत बसली. तिच्याबरोबरच्या बायकाही बसल्या. लेकरू तेवढं कुरकुरत होतं. मी छत्री घेऊन वळलो तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. मी पाहिलं. उन्हात बिचाऱ्या दमल्या असतील असं मला वाटलं. फाल्गुनात जंगूचा भाऊ याच जागी असाच बसलेला मी पाहिला होता आणि तेव्हाही मी छत्री घेऊनच घरी गेलो होतो.

परतीची मोटार चार वाजता वर्धेला निघाली. ती दुपारची परतीची खेप नेहमी रिकामी जायची. त्या दिवशी आत चार माणसं होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेची मोटार वर्धेहून हिंगणीला आली तेव्हा मी पुनाजी उतरतो का पाहत होतो. उतरले ते पुंडलिकराव. एरवी मोठ्या आवाजाचा माणूस, पण माझ्याजवळ येऊन खालच्या सुरात म्हणाले, बसा, वाटेत सांगतो. मोटार सुटल्यावर ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

फाटकात मालगाडी अडली होती. पुनाजी बायकोला पाठीवर घेऊन त्या फाटकाशी उभा राहिला. टांगेवाल्यांनी आजारी बाई पाहून नाही म्हटलं होतं. फाटक उघडल्यावर तो स्टँडवर पोचला तेव्हा आमची मोटार नुकतीच वळणावर गेली होती. उडालेला धुरळा त्याला दिसला. त्यानं तिला पत्र्याच्या शेडखाली निजवलं. तिला म्हणाला, आपली जागा बाबूजीनं राखली आहे, आता पहाटेच्या मोटारीत बसू. तिनं मान हलवली. चांगली शुद्धीत होती. दोनदा पाणी मागून प्याली. पोर उगाच वाट पाहील, एवढंच म्हणत होती.

सव्वापाचला पुंडलिकराव मोटार घेऊन परत आले. पुनाजी कापडं घ्यायला धावत गेला. कापडं मोटारीत नव्हती.

"मी म्हटलं, काळजी नोको करू, बाबूजीनं तुह्या पोरीच्या हातात देल्ली," पुंडलिकराव मला म्हणाले. "मले वाटलं तो खूश होईन. तो खालीच बसला, बाबूजी. मंग माह्या ध्यानात आलं."

पुनाजीनं बायकोपासून ते लपवलं नाही. त्याला लपवणं जमतच नसे. दोघं त्यांच्या भाषेत बोलले. पुंडलिकरावांना ती थोडी यायची. हातातली पाण्याची लोटी तिनं बाजूला ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली ते त्यांनी मला आपल्या बोलीत सांगितलं.

"मंग आता कायची घाई?"

त्यानंतर तिनं पाणी घेतलं नाही. टोल्यावर आपल्यासाठी रडून झालं असेल, लुगड्याला माती दिली असेल, हे तिला कळलं होतं. पुनाजीनं विनवलं, पुंडलिकरावांनी सांगून पाहिलं की तुझा नातू मी डोळ्यांनी पाहिला, गुटगुटीत आहे, सकाळी मांडीवर घेशील. ती ऐकत होती. पहाटेची मोटार लागायच्या आधी ती गेली.

मी कचेरीत गेलो नाही. शेडखाली पुनाजी बसला होता. तिच्या अंगावर गाठोड्याचं फडकं टाकलं होतं आणि ते पुरत नव्हतं. पाय उघडे होते. लोक सकाळच्या गर्दीतून वाट काढत तिच्या बाजूनं जात होते, आणि कोणाचीही मोटार चुकत नव्हती. मला पाहून पुनाजी उठून उभा राहिला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी आज हे सांगताना थोडा मोकळा श्वास घेतला असता.

"तुमी जागा राखली, बाबूजी," तो म्हणाला. "कोणाले बसू नाई देल्लं. पुंडलिकरावनं सांगतलं."

मी त्याच्या पायाशी वाकलो तर त्यानं घाबरून पाय मागे घेतले. मग तो जवळ आला आणि त्यानं माझ्याजवळ एक मागणं केलं. माझ्याजवळ केलेलं त्याचं शेवटचं.

"पोरीले सांगू नोका. लुगडं आलं तवाच माय गेलती म्हणा. वली बाळंतीण हाये, बाबूजी. माय जित्ती होती अन् आपण रडलो, हे कळलं तं दूध आटंन तिचं. लेकरू उपाशी राहीन."

मी कबूल केलं. पुंडलिकरावांनीही केलं. प्रभाकरराव त्यांच्या दुकानातून माणसं घेऊन आले. मी माझं उपरणं तिच्या अंगावर घातलं. रोज ज्यानं मी जागा धरायचो, तेच उपरणं. तिला वर्धेलाच माती दिली. दुपारच्या मोटारीनं पुनाजी एकटा गावी गेला. मोटार गच्च भरली होती. त्यानं कापड टाकलं नव्हतं, म्हणून तो उभा होता. मी उठून त्याला माझी जागा दिली तर तो बसेना, आणि मग मीही बसलो नाही. सगळी वाट आम्ही दोघं त्या एका रिकाम्या जागेच्या बाजूला उभे होतो.

पुनाजी त्या पावसाळ्यानंतर फार जगला नाही. पुंडलिकरावांची दुसऱ्या मार्गावर बदली झाली. मी रोज जात येत राहिलो, उभ्यानं. स्टँडवर भांडणं व्हायची, लोक माझ्याकडे पाहायचे, मी दुसरीकडे पाहायचो. प्रभाकररावांनी मला परत कधी न्यायाधीश म्हटलं नाही.

वर्षानं, वैशाखातल्या त्याच दुपारी, हिंगणीला मोटारीतून उतरलो तर रामबाई उभी. मुलगा कडेवर, चांगला अंगानं भरलेला. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात चारोळी. ती खास मला भेटायला दोन कोस उन्हात चालून आली होती. आज मायचा दिवस, म्हणाली. त्यांच्या घरी तो दिवस त्याच तिथीला धरतात, लुगडं आलं त्या तिथीला. वर्षापूर्वी त्या दुपारी गंगाबाई वर्धेच्या शेडखाली पाणी पीत होती आणि पोर उगाच वाट पाहील म्हणत होती. ते जगात आता दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक बदली होऊन गेला होता.

"तुमी होते म्हून मायचं लुगडं घरी आलं," रामबाई म्हणाली. "नाईतं कोण आनून देते गरिबाचं कापड."

तिच्या मागे परतीची मोटार उभी होती, वर्धेकडे तोंड करून. नेहमीसारखी रिकामी. रामबाईनंही वळून तिच्याकडे पाहिलं आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माय तवा जित्ती असती ना बाबूजी, तं मी याच मोटारीत बसून वर्धेले गेली असती. लेकरू तं संगंच होतं. पन माह्या नशिबात नव्हतं."

मी म्हटलं, हो. नव्हतं.

तिनं द्रोण पुढे केला. मी तो दोन्ही हातांवर घेतला. त्यानंतर सोळा वर्षं, मी सेवेतून निवृत्त होईपर्यंत, ती दरवर्षी त्या दिवशी चारोळी घेऊन यायची आणि मी दरवर्षी ती घेत राहिलो.